मधल्या कप्प्यातली नळी

दातांच्या दवाखान्यात वाट बघत बसलेल्या माणसाचं लक्ष कुठंतरी गुंतवावं लागतं, नाहीतर तो आतल्या यंत्राचा आवाज ऐकून परस्पर घरी निघून जातो. कुणी डॉक्टर मासे ठेवतात, कुणी हसऱ्या बाळांचे फोटो लावतात. या डॉक्टरांनी भिंतभर काचेचं कपाट ठेवलं होतं आणि त्यात आकडे पेटत असत.

आकडे म्हणजे छापलेले नव्हेत. अंगठ्याएवढी काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली, तिच्या जागी चिमूटभर निऑन वायू. त्यात बारीक तारेचे शून्यापासून नवापर्यंत दहा इंग्रजी आकडे एकामागे एक उभे केलेले, हातातल्या पत्त्यांसारखे. ज्या आकड्याला वीज द्यावी तो नारिंगी पेटतो, बाकीचे नऊ अंग चोरून मागेपुढे उभे राहतात. एके काळी मोजमापाच्या यंत्रांत अशा नळ्या असायच्या. मग स्वस्त दिवे आले, कारखाने बंद पडले, आणि उरलंसुरलं हौशी लोकांच्या कपाटांत जाऊन बसलं. डॉक्टरांचं कपाट त्या सगळ्यांत मोठं. रोज सकाळी ते पुसायचं काम धाकटीकडं होतं.

धाकटी म्हणजे डॉक्टरांची सख्खी बहीण. पन्नाशी उलटली तरी घरात तिचं तेच नाव चालू होतं. उभं आयुष्य तिनं एका कॉलेजच्या काचकाम विभागात काढलं. ज्योतीपुढे बसायचं, काचेची नळी दोन्ही हातांनी सारखी फिरवायची, तोंडात रबरी नळीचं टोक धरून हळूच फुंकर घालायची आणि हवा तो आकार काढायचा. प्रयोगशाळेतली नागमोडी उपकरणं ती अशी करायची की बघणाऱ्याला वाटावं, काच स्वतःहूनच वळली. मग तयार काच खोक्यांतून येऊ लागली आणि विभागाला कुलूप लागलं. लग्न झालेलं नव्हतं. क्वार्टर सोडावी लागली तेव्हा दादानं दवाखान्यामागची खोली दिली.

"तशी आम्हाला कामाला बाई हवीच होती," वहिनी म्हणाली आणि वर हसली. म्हणजे मनाला लावून घ्यायचीही सोय राहिली नाही.

त्या खोलीत पूर्वी रुग्णांच्या दातांचे प्लॅस्टरचे साचे ठेवलेले असत. पलंग आला, तिचा बर्नर आला, काचेच्या कांड्यांचं खोकं आलं, पण भिंतीवरच्या फळीवरचे जबडे तिथंच राहिले. दादानं ते हलवले नाहीत आणि तिनं सांगितलं नाही. सकाळी डोळे उघडले की शंभर-दीडशे माणसं तिच्याकडं बघून दात विचकत.

रविवारी दुपारी दवाखाना बंद असे आणि मंडळ भरत असे. पाचसहा पुरुष आपापल्या नळ्या रुमालांत गुंडाळून आणत, कपाटासमोर खुर्च्या मांडून बसत. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते, त्यांना सगळे बँकवाले म्हणत. मंडळाचा नियम एकच होता: थंड नळीवर मत द्यायचं नाही. आधी पेटव, मग बोल. नळी न पेटवता जो बोलला त्याची पुढचे चार रविवार टिंगल होई.

मंडळातल्या दोघातिघांनी स्वतः नळी करायचा प्रयत्न करून बोटं भाजून घेतली होती. त्यावरून एकदा गप्पा रंगल्या असताना चहाचे कप उचलता उचलता धाकटी म्हणाली, "मी करून बघू का?"

बँकवाल्यांनी कप खाली ठेवला. "अरे वा! डॉक्टर, तुमची फुंकणी आता नळ्या फुंकणार!"

सगळे खो खो हसले. दादा सगळ्यांत जास्त हसला. त्या दिवसापासून मंडळात ती फुंकणी झाली.

दादाकडे हवा काढायचा पंप होता, निऑनचा लहान सिलिंडर होता. मंडळातल्या कुणालाही नळीत वायू भरायचा तर दादाच्याच दारात यावं लागे, म्हणून तर मंडळ त्याच्या दवाखान्यात भरत होतं. त्यानं बहिणीला पंप वापरू दिला, तोही कसा, तर समोर स्टुलावर बसून, घड्याळात बघत.

पहिल्या कितीतरी नळ्या तडकल्या. तार आणि काच जिथं एकत्र येतात तो सांधा नाठाळ असतो. निवताना दोघं आपापल्या चालीनं आक्रसतात आणि आत ताण राहतो. नळी रात्रभर शहाण्यासारखी राहते आणि सकाळी हात लावला की टक्! वहिनीला तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू जाई. "गेली का हो वन्सं?" ती तिथूनच विचारी. एरवी ती 'धाकटे' म्हणे, टोमणा मारायचा असला की 'वन्सं'.

तरी धाकटी बसून राहिली. काच हळूहळू निववायला तिनं दादाच्या टाकून दिलेल्या जुन्या भट्टीची डागडुजी केली. आकडे वाकवायला दाताच्या डॉक्टरांचे चिमटे उत्तम, हे तिला कळलं. आठ वाकवायला सगळ्यांत अवघड, सात सगळ्यांत फसवा. सरळ वाटतो, पण त्याचा पाय जरा कलला की तो एकासारखा दिसायला लागतो. एका पावसाळी सकाळी तिनं पंपावरून नळी उतरवली, वीज जोडली, आणि दहाच्या दहा आकडे न अडखळता पेटले. तिनं ती खिडकीत ठेवून आठ दिवस वाट बघितली. तडकली नाही.

मग ती दादाकडं घेऊन गेली. तिला एकच हवं होतं. दादाच्या कपाटात एक जागा, आणि कुणी विचारलं तर "ही माझ्या बहिणीनं केली," एवढं वाक्य. लहानपणापासून दादानं तिच्याबद्दल तसलं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.

दादानं नळी हात लांब करून धरली. पेटवलीसुद्धा नाही.

"काच नवी दिसते."

"नवीच आहे. मी केलीय."

"तेच म्हणतोय. पाचाचं पोट सुटलंय. चांगलीय, तुझ्या खोलीत ठेव. त्या जबड्यांना उजेड होईल."

ती खोलीत आली आणि नळी उशाशी घेऊन बसली. रडली वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ती रेडिओवाल्याला देऊन टाकली. रेडिओवाला म्हणजे जुनी यंत्रं फोडून सुटे भाग विकणारा. मंडळाचे बरेचसे लोक त्याचे गिऱ्हाईक. नळीच्या बदल्यात तिनं जुन्या काचेच्या कांड्या घेतल्या. नळी तरी काय करायची डोळ्यांसमोर ठेवून!

महिना गेला. एका रविवारी दादा मंडळात आला तो नवरदेवासारखा. हातात एक पिवळट पडलेलं पुठ्ठ्याचं खोकं. कोपरे झिजलेले, वर कुठल्या कारखान्याचा पुसट शिक्का. त्यानं सगळ्यांना श्वास रोखायला लावून ते उघडलं. आतून नळी काढली, सॉकेटात बसवली, आणि एक, दोन, तीन करत आकडे पेटत गेले.

धाकटी दारात ट्रे घेऊन उभी होती. सात पेटला आणि ती ट्रेसकट दोन पावलं पुढं आली. त्या सातचा पाय तिनं तीनदा वाकवून सरळ केला होता. नळीच्या वरच्या घुमटाच्या डाव्या अंगाला खसखशीएवढा बुडबुडा होता, तो तिच्या एका चुकलेल्या फुंकरीचा. रेडिओवाल्यानं नळीच्या बुडाच्या तारा काळपटवल्या होत्या, काचेवर धुराचा हात फिरवला होता, खोकं दुसऱ्याच कशाचं आणलं होतं. पण नळी तिची होती.

"काय काम आहे!" बँकवाले म्हणाले. "याला म्हणतात कारखाना."

"पाच बघा पाच," दादा म्हणाला. "काय डौल आहे. पोट आहे, पण कसं भरदार!"

नळी कपाटाच्या मधल्या कप्प्यात गेली. धाकटीनं ट्रे आत नेला. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस तिला गुदगुल्या होत होत्या. रोज सकाळी ती कपाट पुसायची आणि मधल्या कप्प्यापाशी जरा जास्त रेंगाळायची. दाढ ठणकणारी माणसं गालावर हात ठेवून तिच्या सातकडं टक लावून बघत बसलेली असत.

पुढच्या रविवारी दादानं तिला खुर्चीवर बसवलं, नळीपुढे, आणि हातात भिंग दिलं.

"बघ. शीक काहीतरी. सात जन्म घेतलेस तरी तुझ्या हातून असं काम व्हायचं नाही, पण निदान कळेल तरी काय असतं ते."

मंडळ मागं उभं राहून गंमत बघत होतं. "फुंकणी, डोळे नीट उघडून बघ हं," बँकवाले म्हणाले. "नाहीतर म्हणशील काचेला भोकच नाही, फुंकू कुठून?"

तिनं भिंग खाली ठेवलं.

"दादा, ही मी केलेली आहे. तुला दाखवली होती तीच."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जो हशा पिकला तो वहिनी आतून धावत आली तरी थांबेना. सांगितल्यावर वहिनीनं कपाळाला हात लावला. "वन्सं, उद्या म्हणाल चंद्रसुद्धा मीच फुगवला!"

"डाव्या अंगाला बुडबुडा आहे बघा. सातचा पाय बघा."

"रोज पुसतेस," दादा म्हणाला. "बुडबुडा तुला दिसणारच. वहिनीलापण दिसला असेल."

"रेडिओवाल्याला विचारा."

रेडिओवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मी माल कुठून आणतो ते सांगत बसलो तर दुकानाला टाळं लावावं लागेल. वस्तू जुनी आहे. पुढे तुम्ही जाणकार."

"मग मी दुसरी करून दाखवते. अश्शीच."

"कशावर?" दादानं शांतपणे विचारलं. "पंप माझा आहे."

विषय तिथं संपला असता. पण संशय हा असा पाहुणा, की त्याला चहा न विचारताही तो बसून राहतो. दोनच दिवसांनी बँकवाले दाढ दाखवायच्या निमित्तानं आले आणि मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. खिशातून रुमाल काढला. रुमालात नळी.

"ताई," ते म्हणाले. फुंकणीची ताई झाली होती. "आपलं सहज विचारतो. रेडिओवाल्याकडूनच घेतली होती मागच्या वर्षी. ही... ही तुमची नाही ना?"

ती नळी धाकटीनं कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती. तिनं ती उजेडात धरली, फिरवली. बँकवाल्यांचा गळा वरखाली होताना तिला काचेतून दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या तोंडाकडं असं बघत होतं, जणू निकाल लागायचाय.

"माझीच की," ती म्हणाली.

बँकवाले पांढरेफटक पडले. दाढ न दाखवताच गेले. मग रेडिओवाल्याच्या दुकानात जाऊन त्यांनी असा तमाशा केला की सगळ्या मंडळात बोंब झाली. एकेक जण रुमाल घेऊन मागच्या दारानं येऊ लागला. कुणाला ती "नाही हो" म्हणे, कुणाला "हो". ज्यानं कधी तिची टिंगल केली नव्हती त्याला नाही. बाकीच्यांना हो. काम सोपं होतं. बर्नर पेटवावा लागत नव्हता, बोटं भाजत नव्हती, आणि रोज एक नळी तयार होत होती.

दादाच्या कानावर हे सगळं येत होतं. पुढच्या रविवारी त्यानं मंडळ बोलावलं, वहिनीलाही बसवलं. दातांची हत्यारं ठेवायच्या स्टीलच्या ट्रेमध्ये तीन नळ्या मांडून आणल्या. तिन्ही न पेटवलेल्या. मधली कपाटातली. बाकीच्या दोन रेडिओवाल्याकडं असतात तसल्याच पिवळट खोक्यांतून त्यानं सगळ्यांसमोर काढल्या.

"होऊन जाऊ दे एकदाचं," तो म्हणाला. "यातल्या तुझ्या कुठल्या?"

"ही," तिनं मधलीवर बोट ठेवलं.

"ती तू म्हणतेसच. बाकीच्या?"

इथं तिनं थांबायला हवं होतं. निदान म्हणायला हवं होतं, आधी पेटवा. मंडळातला नवशिकासुद्धा तेवढं म्हणाला असता. पण सगळे तिच्याकडं बघत होते, बँकवाले तर खुर्चीच्या कडेवर आले होते, आणि दादाच्या डोळ्याखाली काहीतरी बारीकसं उडत होतं. ते काय आहे हे तिला वाटलं आपल्याला कळतंय. दादा घाबरलाय असं तिला वाटलं.

"तिन्ही माझ्या," ती म्हणाली.

"नक्की?"

"स्वतःची पोरं ओळखू येत नाहीत का कुणाला?"

"मग फोड," दादा म्हणाला. त्यानं ट्रेशेजारी प्लॅस्टरचे साचे फोडायची लहान हातोडी ठेवली आणि एक जाड टॉवेल. "खोटा माल या घरात नको. तुझ्याच आहेत, तूच फोड. टॉवेलात गुंडाळून फोड, डोळ्यांत काच जायला नको."

तिनं दादाकडं बघितलं. तो शांत होता. वहिनी हाताची घडी घालून बसली होती. ट्रेमधली डावीकडची नळी तिनं उचलली. इतक्या जवळून बघितल्यावर तिला कळलं की ही फार चांगली नळी आहे. हा तीन जिनं वाकवला तिचा हात बसलेला होता. कुठल्यातरी कारखान्यात ओळीनं बसलेल्या बायकांतली कुणीतरी. डोळे ताणून, मान अवघडून, असे शेकडो तीन रोज. पुन्हा कुणी वाकवणार नाही. नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणायला हवं. पण नाही म्हटलं तर मधलीही हातची गेली. मधली तिच्या नावावर व्हायची तर या दोघींना मरायला हवं, इतकं ते साधं होतं.

टॉवेलातून आवाज असा आलाच नाही. मऊसर काहीतरी दबल्यासारखं झालं. दुसरी तिनं लवकर उरकली, तिच्याकडं न बघता.

मग तिनं हात मधलीकडं नेला. तिला भीती वाटत नव्हती. फुटली तर फुटली. मंडळासमोर, दादाच्या तोंडून 'तुझी' म्हणवून घेऊन फुटली असती. पुढं कुणीही म्हणालं असतं, डॉक्टरांच्या बहिणीनं एक नळी केली होती, अशी की डॉक्टरही फसले, शेवटी तिनंच फोडली. तेवढंही पुष्कळ होतं.

दादानं तिचं मनगट धरलं.

"थांब. बँकवाले, डावीकडची जी फोडली ती ओळखलीत?"

बँकवाले गोंधळले. "आता तुकड्यांवरून काय..."

"तुमचीच. तुम्ही मला बदलीच्या गावाहून आणून दिली होती, मी दवाखाना काढला तेव्हा. ही तेव्हा कॉलेजात नोकरीला होती. दुसरी त्याच्याही आधीची. दोन्हीत हवा शिरलेली, मेलेल्या, खालच्या खणात पडून होत्या. खोकी तेवढी रेडिओवाल्याकडून मागून आणली." तो बहिणीकडं वळला. आवाज चढवला नाही. "पेटवून बघितलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं. एकही आकडा लागला नसता."

खोलीत कुणीतरी सुस्कारा सोडला. मग बँकवाले हसायला लागले, आधी हळू, मग पोट धरून. त्यांच्या रुमालातली नळी पुन्हा खरी झाली होती. सगळ्यांच्याच झाल्या होत्या.

"दादा, त्या दोन नव्हत्या माझ्या," ती म्हणाली. "पण ही आहे. शपथेवर सांगते. ही एकच आहे."

"पोरं ओळखता ना वन्सं स्वतःची?" वहिनी म्हणाली. "दोन तर आत्ताच मारलीत परक्यांची."

दादानं मधली नळी कापसात धरून उचलली, जशी तो लहान मुलाची पडलेली दाढ उचलायचा. कपाट उघडलं, सॉकेटात बसवली. पेटवली. योगायोगानं सातच लागला.

"खरी वस्तू आहे," तो मंडळाला म्हणाला. "आता कुणाला शंका?"

कुणाला नव्हती. धाकटी टॉवेल उचलून मागे गेली आणि तो तसाच कचऱ्यात टाकावा की झटकून नळाखाली धुवावा, याचा बराच वेळ विचार करत उभी राहिली. बाहेर खुर्च्या सरकल्याचे, नळ्यांवरच्या वादांचे, हशाचे आवाज नेहमीसारखे येत होते. चहाला उशीर होतोय, असं वहिनीनं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा वहिनी दारातही आली नाही, स्वयंपाकघरातूनच ओरडली.

सोमवारी सकाळी धाकटी फडकं घेऊन कपाटापाशी आली, तर दादा तिथंच उभा होता. मधल्या कप्प्याला त्यानं लहानसं कुलूप लावलं होतं.

"बाकीच्या पुसत जा," तो म्हणाला. "मधलीला हात लावायचा नाही. ती मी पुसेन."

"बरं," ती म्हणाली.

गालावर रुमाल बांधलेले एक आजोबा कोपऱ्यात बसून वाट बघत होते. दादा आत गेल्यावर त्यांनी कुलपाकडं बोट दाखवलं आणि सुजलेल्या तोंडानं विचारलं, "त्यात काय आहे एवढं?"

धाकटी वरच्या कप्प्यातली नळी पुसत होती. तिनं तोंड उघडलं. मग आतून दादाच्या यंत्राचा आवाज सुरू झाला.

"जुनी आहे," ती म्हणाली. "कारखान्यातली." आणि तिनं खालच्या कप्प्यातली नळी हातात घेतली.